वाचनालयाची वेबसाइट आम्हीच केली: एका कार्यवाहाची सहा महिन्यांची हकीकत

12 ऑगस्ट 2024, सोमवार. ग्रंथपाल दिन होता म्हणून वाचनालयात छोटा कार्यक्रम ठेवला होता. खुर्च्या मांडत असतानाच पुण्याहून एका संशोधक मुलीचा फोन आला. तिला 1960च्या दशकातले दिवाळी अंक बघायचे होते. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या वेबसाइटवर यादी असेल म्हणून उघडली, पण तिथे भलतंच काहीतरी येतंय." मी माझ्या फोनवर उघडून पाहिलं. आमच्या वाचनालयाच्या नावाच्या पत्त्यावर परदेशी जुगाराच्या जाहिराती होत्या.

तोच पत्ता आमच्या पावतीपुस्तकांवर छापलेला होता आणि दारावरच्या फलकावरही रंगवलेला होता. कार्यक्रमात मी दोन शब्द बोलले, पण मन तिथे नव्हतं.

आमचं वाचनालय सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. शासनमान्य, अनुदानित, साधारण चौदा हजार ग्रंथ. मी मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि दोन वर्षांपासून तिथे कार्यवाह होते. संगणकावर पत्र टाइप करणं, ईमेल आणि मोबाइलवरून वीजबिल भरणं एवढंच मला येत होतं. कोडिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, आजही कळत नाही. हे आधीच सांगते, कारण ज्यांना वेबसाइट करायची आहे पण कुठून सुरुवात करावी ते समजत नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जुनी वेबसाइट 2017 साली शेजारच्या शहरातल्या एका गृहस्थांनी करून दिली होती. वेबसाइटचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, त्यांनी स्वतःच्या ईमेलवरून स्वतःच्या नावे घेतलं होतं. पुढे त्यांनी तो व्यवसाय सोडला. नूतनीकरणाचे पैसे कोणीच भरले नाहीत, नाव मोकळं झालं आणि दुसऱ्या कोणीतरी घेतलं. मी याचा दोष एकट्या त्यांना देत नाही. सात वर्षांत आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं की हे नाव नेमकं कोणाच्या नावावर आहे. इमारतीचा सातबारा आणि मिळकत पत्रिका आम्ही जिवापाड जपतो, पण हा उतारा आम्ही कधी पाहिलाच नाही.

25 ऑगस्टला कार्यकारी मंडळाची सभा झाली. विषयपत्रिकेवर सातवा विषय, 'संकेतस्थळाबाबत विचारविनिमय करणे'. ठरावीक रकमेवरच्या खर्चाला तीन दरपत्रकं मागवायची हा आमचा नियम. ती मागवली. अठरा हजार, बावीस हजार आणि पस्तीस हजार. कोषाध्यक्ष आप्पांनी तिन्ही कागद बाजूला ठेवून विचारलं, "हा खर्च एकदाच की दरवर्षी? आणि साधी सुट्टीची सूचना बदलायची झाली तर त्यांनाच फोन करायचा का?" तिन्ही ठिकाणी चौकशी केली. दरवर्षी वेगळे पैसे होते आणि बदलासाठी फोनच करायचा होता. आपण कोणाकडून काम करून घेणार असाल तर हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

22 सप्टेंबरच्या सभेत मी म्हटलं की आजकाल कोडिंग न येणाऱ्यांसाठी तयार साधनं असतात, मला दिवाळीपर्यंत मुदत द्या. जमलं नाही तर अठरा हजारांचं दरपत्रक मंजूर करू. ठराव झाला. घरी येताना पोटात गोळा आला होता.

लगेच संगणकापुढे न बसण्याचा सल्ला माझ्या भाच्याचा, आणि तो फार मोलाचा ठरला. तो म्हणाला, "मावशी, आधी लोक काय विचारतात ते लिहून काढ." मग आमच्या ग्रंथपालताईंनी दोन आठवडे टेबलावर एक वही ठेवली आणि फोनवर कोण काय विचारतं त्याच्या रेघा ओढल्या. सर्वांत जास्त रेघा 'आज चालू आहे का' यापुढे. त्याखालोखाल वर्गणी आणि अनामत किती, मग नवीन पुस्तकं कोणती आली, दिवाळी अंकांची योजना कधी सुरू होणार, अभ्यासिकेत जागा आहे का. संस्थेचा इतिहास एकानेही विचारला नव्हता. तिन्ही दरपत्रकांत मात्र पहिलं पान इतिहासाचं आणि विश्वस्तांच्या फोटोंचं होतं.

त्या वहीवरून एक गोष्ट पक्की झाली. आम्हाला हवी ती वेबसाइट रोज थोडी बदलणारी, आणि बदल करणार त्या ग्रंथपालताई. मी आज आहे, उद्या नसेन. त्यामुळे सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी कसोटी एकच ठेवली: 'येत्या मंगळवारी वाचनालय बंद राहील' ही सूचना ताईंना त्यांच्या फोनवरून, मला न विचारता, दहा मिनिटांत लावता आली पाहिजे.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रयोग सुरू केले. सर्वांत आधी गूगल साइट्स. जीमेलचं खातं असलं की झालं, पैसे लागत नाहीत. दोन तासांत चार पानं उभी राहिली. शीर्षक, फोटो, नकाशा, वेळापत्रक सगळं ओढून आणून सोडायचं. त्या संध्याकाळी मला खरोखर आनंद झाला, आपल्याला हे जमतंय असं पहिल्यांदा वाटलं. ज्यांना चार-पाच पानांची, क्वचितच बदलणारी वेबसाइट हवी आहे त्यांनी याच्या पुढे जाऊही नये. स्वतःचं डोमेन असेल तर तेही याला जोडता येतं. आमची अडचण दोन ठिकाणी आली. सूचना तारखेनुसार आपोआप वर-खाली लागण्याची सोय त्यात नाही, प्रत्येक वेळी पान उघडून हाताने मजकूर हलवायचा. आणि फोनवरून बदल करण्यासाठी त्याचं अ‍ॅप नाही. ताईंकडे घरी संगणक नाही. वाचनालयातला संगणक दुपारी वीज गेली की बंद.

आप्पांनी आणखी एक शंका काढली, फुकटचं उद्या बंद झालं तर? शंका निराधार नव्हती. एकेकाळी लाखो लोकांची घरगुती पानं जिथे होती ते जिओसिटीज ऑक्टोबर 2009 मध्ये बंद झालं. गूगलनेच व्यवसायाच्या प्रोफाइलसोबत दिलेल्या एकपानी वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद केल्या. पैसे भरले म्हणजे ते टिकतंच असंही नाही. म्हणून पुढे प्रत्येक साधनाला मी एक प्रश्न लावला: उद्या इथून निघायचं झालं तर माझा मजकूर मला बांधून नेता येईल का?

मग विक्स. 2006 साली इस्रायलमध्ये सुरू झालेली कंपनी. तयार नमुने इतके देखणे की मी दोन दिवस नुसते बघतच बसले. पानावर कुठलीही वस्तू कुठेही ठेवता येते. मात्र तीच गोष्ट नवख्याला जड जाते. संगणकावर छान मांडलेलं फोनवर वेडंवाकडं दिसायचं आणि फोनसाठी पुन्हा वेगळं नीट करावं लागायचं. फुकट योजनेत त्यांची जाहिरात आणि त्यांच्याच नावाचा लांब पत्ता येतो. एकदा नमुना निवडून काम केलं की त्याच वेबसाइटला दुसरा नमुना चढवता येत नाही. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' होतं: विक्सवर उभी केलेली वेबसाइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट साठवून ठेवणाऱ्या दुसऱ्या संगणकावर, नेता येत नाही. छायाचित्रकाराला किंवा केक करणाऱ्या ताईला ते चालून जाईल. शंभर वर्षं टिकवायच्या संस्थेला मला ते पटलं नाही. स्क्वेअरस्पेसकडे मी जेमतेम एक संध्याकाळ पाहिलं. चौदा दिवस चाचणी आणि पुढे पैसे, कायमची फुकट योजना नाही.

राहिलं वर्डप्रेस. इथे माझे तीन दिवस गोंधळात गेले, कारण वर्डप्रेस नावाची दोन दुकानं आहेत आणि हे सुरुवातीला कोणी सांगत नाही. एक डॉट कॉम आणि एक डॉट ऑर्ग. मला ते शेवटी लग्नावरून समजलं. डॉट कॉम म्हणजे मंगल कार्यालय. जागा, मांडव, आचारी सगळं त्यांचं, आपण पैसे भरायचे आणि त्यांच्या नियमात राहायचं. डॉट ऑर्ग म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, फुकट आणि मुक्त. जागा आपण भाड्याने घ्यायची, मांडव आपण घालायचा आणि खरकटंही आपणच काढायचं. वेबसाइटच्या भाषेत ती जागा म्हणजे होस्टिंग.

अध्यक्षांनी विचारलं, "ही कंपनी बुडाली तर?" तेव्हा मला वाचलेलं सांगता आलं. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती 27 मे 2003 रोजी मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी आणली आणि ती मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे ते कोणालाही वापरता, बदलता आणि पुढे देता येतं. एक होस्टिंग कंपनी आवडली नाही तर सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं. जगातल्या दहांतल्या चारांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, त्यामुळे अडलं तर सांगणारा तालुक्याच्या गावीही भेटतो.

6 ऑक्टोबरच्या रविवारी परीक्षा घेतली. तीन दिवसांपूर्वीच मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला होता, त्या आनंदात सगळे होते. ताईंच्या फोनवर विक्स आणि वर्डप्रेस दोन्हींची अ‍ॅप टाकली, चाचणीची खाती उघडली आणि त्यांना ती मंगळवारची सूचना लावायला सांगितली. मी खोलीबाहेर जाऊन बसले, नाहीतर मी मध्ये बोलले असते. विक्सवर त्यांना सूचना लावता आली, पण ती नेमकी कुठे दिसणार हे कळेना. वर्डप्रेसवर सात मिनिटं लागली. "मॅडम, हे फळ्यावर तारीख टाकून लिहिण्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या. निवड तिथेच झाली.

आमच्या बहात्तर वर्षांच्या विश्वस्तांनाही दोन्ही पानं वाचायला दिली. त्यांनी अक्षर मोठं करा एवढंच सांगितलं. तेही आम्ही केलं.

आता पैसे. हा भाग कुठल्याच व्हिडिओत नसतो म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या संस्थेच्या बँक खात्याला कार्डच नाही. धनादेश, आणि त्यावर अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष अशा दोन सह्या. परदेशी सेवांना बहुधा कार्ड लागतं. आपल्याकडे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच ठेवलेले असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात. किंमत डॉलरमध्ये असेल तर वर बँकेचा अधिभार. शिवाय हप्ता दरवर्षी आपोआप कापून घ्यायचा असला तरी ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आधी मंजुरीची नोंद आणि प्रत्येक वेळी पूर्वसूचना लागते. ही नोंद नीट झाली नाही तर हप्ता जात नाही, आणि आपण मात्र निर्धास्त असतो. म्हणून आम्ही रुपयांत बिल देणारी आणि यूपीआय घेणारी भारतीय होस्टिंग कंपनी निवडली. मी माझ्या खात्यातून भरायचे आणि बिल दाखवून संस्थेच्या धनादेशाने परत घ्यायचे, असा ठराव केला.

दिवाळीनंतर, 10 नोव्हेंबरला पैसे भरले. डोमेन एका कंपनीकडून आणि होस्टिंग दुसरीकडून, म्हणजे एकाशी बिनसलं तर दुसरं अडकत नाही. डोमेनचे पहिल्या वर्षाचे 650 आणि होस्टिंगचे 2,400. त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण 3,599 रुपये. इथे माझ्याकडून एक चूक झाली. बिलाच्या पत्त्यात मी माझं नाव घातलं होतं. हिशेब तपासनीसांनी ते बिल घेतलं नाही, संस्थेच्या नावाचंच हवं. बिल बदलून मिळायला अकरा दिवस आणि सहा ईमेल लागले. पैसे भरण्याआधी खात्यात संस्थेचं नाव आणि पत्ता घाला.

दुसरी गोष्ट, मोठ्या अक्षरात दिसतो तो पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर असतो. नूतनीकरणाचा दर लहान अक्षरात असतो, तो शोधून लिहून ठेवा. आमचा डोमेनचा 900 आणि होस्टिंगचा 4,800 होता, म्हणजे करासह 6,726. सभेत मी हाच आकडा सांगितला, पहिल्या वर्षाचा नाही. पुढच्या वर्षी कोणाला धक्का बसायला नको होता.

नाव ठरवायला वेगळी सभा झाली असती इतका वेळ गेला. 'वाचनालय' इंग्रजी अक्षरांत लिहायचं कसं? व्हीने की डब्ल्यूने? 'च'नंतर ए घालायचा की नाही? मी पाच सभासदांना फोन करून नाव नुसतं तोंडी सांगितलं आणि ते टाइप करून पाठवायला सांगितलं. पाच जणांनी चार प्रकारे लिहिलं. शेवटी 'वाचनालय' शब्दच काढला आणि गावाचं नाव नि 'ग्रंथ' असं छोटं नाव घेतलं. देवनागरीतलं डॉट भारत घ्यावं असं मला मनापासून वाटत होतं. ते 2014 पासून मिळतं आणि मराठीतही चालतं. पण काही ठिकाणी तो पत्ता चिकटवला की त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची अगम्य माळ दिसते, आणि पावतीवरचा पत्ता बघून टाइप करणाऱ्या अनेकांच्या संगणकावर मराठी कळफलक नसतो. म्हणून सध्या डॉट इन.

खातं मात्र या वेळी कोणाच्याही खासगी ईमेलवर काढलं नाही. वाचनालयाचा नवा ईमेल आणि वाचनालयाच्याच टेबलावर राहणारा मोबाइल नंबर, म्हणजे ओटीपी तिथेच येतो. डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस आणि ईमेल असे चार पासवर्ड, नूतनीकरणाच्या तारखा आणि दोन्ही बिलांच्या प्रती एका पाकिटात घालून पाकीट बंद केलं, त्यावर अध्यक्षांची सही घेतली आणि ते दाखलनोंद वह्यांच्या कपाटात ठेवलं. नवीन नाव घेतल्यावर पत्ता पडताळणीचा ईमेल येतो. त्यातल्या दुव्यावर लगेच टिचकी मारा. डॉट कॉमसारख्या नावांची पडताळणी पंधरा दिवसांत झाली नाही तर नाव स्थगित होतं.

17 नोव्हेंबरला भाचा आला. होस्टिंगच्या पानावर एका बटणात वर्डप्रेस बसलं. डोमेनकडून होस्टिंगकडे बोट दाखवायला दोन नेमसर्व्हर, म्हणजे होस्टिंग कंपनीने दिलेले दोन पत्ते, लिहायचे असतात, एवढंच एक काम मला किचकट वाटलं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागू शकतात असं लिहिलेलं असतं, आमचं पाच तासांत झालं. तोवर पान उघडत नव्हतं आणि मी दर दहा मिनिटांनी बघत होते. ब्राउझर 'असुरक्षित' म्हणत होता, तेही दुसऱ्या दिवशी गेलं. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून फुकट मिळतं, होस्टिंगमध्ये ते चालू करायचं फक्त. त्याचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर आधी हे विचारा.

सामान्य सेटिंगमध्ये भाषा मराठी केली आणि ताईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांना प्रशासकाचं नाही, संपादकाचं खातं दिलं, म्हणजे सूचना आणि पानं त्यांच्या हाती, पण चुकून काही मोडायची भीती नाही. 'पान' आणि 'पोस्ट' यांतला फरक मी असा सांगितला: पान म्हणजे भिंतीवर रंगवलेला फलक, पोस्ट म्हणजे सूचनाफलकावर टाचणीने लावलेला कागद. वेळा, वर्गणी, पत्ता ही पानं. सुट्टी, नवी पुस्तकं, व्याख्यान या पोस्ट.

डिसेंबर पूर्ण मजकुरात गेला, आणि खरं काम इथे होतं. आमची ग्रंथयादी पंधरा वर्षांपूर्वी युनिकोड नसलेल्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावर अक्षरं तशीच दिसतील याची खात्री नसलेल्या, फॉन्टमध्ये टाइप केलेली. ती वेबसाइटवर चिकटवली की नुसती चित्रविचित्र इंग्रजी चिन्हं. फॉन्ट बदलून देणारी फुकट साधनं आहेत, त्यांनी नव्वद टक्के काम केलं. उरलेल्या दहा टक्क्यांत रफार सरकलेले, 'र्‍य' मोडलेला, अर्धचंद्र उडालेले. 'ज्ञानेश्वरी' चार वेगवेगळ्या प्रकारे छापली गेली होती. चौदा हजारांचा नाद सोडून फक्त दुर्मीळ ग्रंथ आणि दिवाळी अंक अशा बाराशे नोंदी घेतल्या. ताई, मी आणि अभ्यासिकेतल्या दोन मुली रोज दुपारी एकमेकींना वाचून दाखवत तपासत होतो. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, पण इतकी गोडी त्यात नव्हती. एक मूल 1934चा अंक हातात घेऊन म्हणालं, "आजी, हा माझ्या पणजोबांच्या वयाचा." संपूर्ण ग्रंथालयाची शोधयादी हवी असेल तर कोहा किंवा ई-ग्रंथालय अशी वेगळी सॉफ्टवेअर आहेत. वेबसाइटच्या साधनाकडून त्याची अपेक्षा ठेवू नका.

अक्षराबद्दल मी हट्टी आहे. बऱ्याच तयार नमुन्यांत देवनागरीचा विचारच नसतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपुरतं असतं आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. ते अंतर वाढवून आम्ही अक्षराच्या आकाराच्या 1.7 पट ठेवलं. मजकुरासाठी मुक्ता आणि शीर्षकांसाठी टिरो देवनागरी मराठी घेतला, कारण त्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. एप्रिल 2024 मध्ये आलेल्या 6.5 आवृत्तीपासून वर्डप्रेसच्या आतूनच असे फॉन्ट बसवता येतात. मुलं ज्या वळणाचं अक्षर शाळेत गिरवतात तेच वाचनालयाच्या पानावर दिसावं, असं मला वाटतं.

फोटो फोनवरचे होते, एकेक चार-पाच एमबीचा. स्क्वूश नावाच्या फुकट साधनाने ते दोनशे केबीच्या आत आणले. वेबसाइट घरच्या वायफायवर तपासू नका. एसटी स्टँडवर उभं राहून उघडा, गावातला वाचक तिथूनच उघडतो. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारूनच घेतले. एका विश्वस्तांची इच्छा होती की सर्व सभासदांची नावं आणि फोन नंबर घालावेत. ते मी ठामपणे नाकारलं. वर्गणी भरताना लोक नंबर आपल्याला देतात, जगाला नाही.

12 जानेवारी 2025. रविवार संध्याकाळ. मुख्य पानावर फोटो सरकत राहावेत म्हणून मी एक प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायची एक जादा सोय, घातलं होतं. ते अद्ययावत करा अशी सूचना आली, मी बटण दाबलं आणि पूर्ण वेबसाइटच्या जागी पांढऱ्या पानावर एक ओळ उरली, गंभीर त्रुटी आहे म्हणून. हातपाय गार पडले. डिसेंबरभराचं काम डोळ्यांपुढे आलं. भाचा प्रवासात होता. तासाभराने संस्थेच्या ईमेलच्या स्पॅम कप्प्यात वर्डप्रेसनेच पाठवलेलं पत्र सापडलं. त्यात कोणत्या प्लगिनने घोळ केला त्याचं नाव होतं आणि आत शिरायचा एक खास दुवा. त्यावरून आत जाऊन ते प्लगिन बंद केलं आणि सगळं जसंच्या तसं परत आलं. असं झालं तर आधी प्रशासकाच्या ईमेलचे सगळे कप्पे बघा.

त्या रात्री आणखी एक गोष्ट कळली. बॅकअप आम्ही घेत होतो, पण तो त्याच सर्व्हरवर साठत होता. घर जळलं तर घरातल्याच तिजोरीतली प्रत काय कामाची? आता दर महिन्याच्या एक तारखेला बॅकअप पेन ड्राइव्हवर उतरवतो आणि तो पेन ड्राइव्ह आप्पांच्या घरी असतो. सरकणारे फोटो कायमचे काढले. प्लगिन तीनच ठेवली, आणि बॅकअप घेतल्याशिवाय अद्ययावत करायचं नाही असं फळ्यावर लिहून ठेवलं. खालची प्रतिक्रियांची सोयही बंद केली, कारण येत होत्या त्या सगळ्या जाहिराती होत्या.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला लक्षात आलं की गूगलवर आमचं नाव शोधलं तर आम्ही येतच नाही. तीन आठवडे मी वाट बघत बसले होते. वाचनाच्या सेटिंगमध्ये 'शोधयंत्रांनी या वेबसाइटची नोंद घेऊ नये' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. काम चालू असताना भाच्याने त्यावर खूण केली होती आणि ती काढायची राहिली होती. खूण काढली, गूगलला आपली वेबसाइट कळवण्यासाठी असलेल्या गूगल सर्च कन्सोलमध्ये नाव नोंदवलं आणि आठ-नऊ दिवसांत दिसू लागलो.

27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वेबसाइट खुली केली. नारळ नाही, हार नाही. ग्रंथपालताईंनी स्वतःच्या फोनवरून 'आज वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं' अशी सूचना लावली आणि ती भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांनी पाहिली. पुण्याच्या त्या मुलीला मी दिवाळी अंकांच्या यादीचा दुवा पाठवला. ती पुढच्या महिन्यात आली, चार दिवस राहिली आणि तिला हवे होते त्यांतले नऊ अंक सापडले.

जुना पत्ता मात्र परत मिळाला नाही. पावतीपुस्तकं नवी छापली, त्याचा खर्च वेबसाइटच्या पहिल्या वर्षाच्या खर्चापेक्षा जास्त आला. फलक रंगवून घेतला.

सप्टेंबर 2025च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत माझी मुदत संपली. नव्या कार्यवाह बँकेत नोकरी करतात, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. कार्यभार यादीत चाव्या, शिक्का, इतिवृत्ताची वही, चेकबुक आणि सहाव्या क्रमांकावर 'बंद पाकीट एक' असं लिहिलं. त्यांनी माझ्यासमोर पाकीट फोडलं, चारही पासवर्ड बदलले, नवं पाकीट केलं आणि त्यावर सही घेतली. नोव्हेंबरमधल्या नूतनीकरणाचे 6,726 रुपये त्यांनी मुदतीच्या दहा दिवस आधी भरले, बिल संस्थेच्या नावाचं.

सभेच्या रात्री मी सवयीने वेबसाइट उघडली. संपर्काच्या पानावर कार्यवाह म्हणून त्यांचं नाव आलेलं होतं. ग्रंथपालताईंनी घरी जाताना बसमधूनच बदललं होतं.